गिटार राहिली, बँड गेला

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की अमेरिकेतल्या पोरांनी रॉक ऐकणं सोडलं तर आपल्याला त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच, की रॉकचं काय झालं ते बघायला गेलं की एक वेगळी गोष्ट हाती लागते. चार तरुण माणसं एकत्र येऊन काही करू बघतात, ते कशाच्या बळावर जमतं आणि कशामुळे जमेनासं होतं, हे त्यात दिसतं. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात २०१७ पासून करू. त्या वर्षीच्या नील्सनच्या आकडेवारीत अमेरिकेत पहिल्यांदाच हिप-हॉप आणि आर अँड बी हा गट रॉकच्या पुढे गेला. एकूण ऐकण्यात त्याचा वाटा साधारण चौथा हिस्सा, रॉकचा पाचव्याच्या जवळपास. गंमत अशी, की अख्खे अल्बम विकत घेणाऱ्यांत तेव्हाही रॉकच पुढे होता. तो मागे पडला तो स्ट्रीमिंगमध्ये, म्हणजे जिथे तरुण होते तिथे. आणि त्याच वर्षी बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर जे गाणं होतं, त्याचं नाव ‘रॉकस्टार’. पोस्ट मलोन आणि ट्वेंटीवन सॅव्हेज यांचं, गाणं हिप-हॉपचं. तीन वर्षांनी डाबेबीचं त्याच नावाचं दुसरं गाणं पहिलं आलं, तेही हिप-हॉपचंच. संस्थान खालसा झालं तरी राजेसाहेब म्हणायची सवय सुटू नये, तसलाच हा प्रकार.

आता नेहमीची स्पष्टीकरणं बघू. आजच्या पोरांना कान नाही, धीर नाही; गिटार शिकायला बोटं सोलून निघतात, कॉम्प्युटरवर बटण दाबलं की गाणं तयार. हे पन्नाशीच्या पुढचे चाहते म्हणतात, आणि प्रत्येक पिढीतले पन्नाशीच्या पुढचे चाहते असंच काही म्हणत आलेले आहेत. त्यांच्याकडे एक आकडाही असतो. अमेरिकेत इलेक्ट्रिक गिटारचा खप दहाएक वर्षांत वर्षाला पंधरा लाखांवरून दहा लाखांच्या थोडा वर इतका खाली आला, असं २०१७ मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी गिब्सन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. झालं, गिटार मेली.

पण गिटार मेली नव्हती. २०२० साली, सगळे घरात अडकले असताना, फेंडर कंपनीने तोवरच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त विक्री केली. आणि त्याआधीच फेंडरच्या स्वतःच्या पाहणीत दिसलं होतं, की नव्याने गिटार घेणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास बायका आणि मुली आहेत. पुढे २०२१ मध्ये ऑलिव्हिया रॉड्रिगोचं एक गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, ज्यातली गिटार सरळसरळ पॉप-पंकची आहे. २०२२ मध्ये स्टीव्ह लेसीचं ‘बॅड हॅबिट’ पहिलं आलं, आणि तो मुळात गिटारवादकच. म्हणजे तरुणांना गिटारचा कंटाळा आलाय हे म्हणणं टिकत नाही.

मग गेलं काय? गेल्या काही वर्षांत अमेरिकन तरुणांनी डोक्यावर घेतलेली नावं आठवा. बिली आयलिश, पोस्ट मलोन, ट्रॅव्हिस स्कॉट, सझा, रॉड्रिगो. सगळी एकेकट्याची नावं. अपवाद आहेत, नाही असं नाही. इमॅजिन ड्रॅगन्स आहेत, ट्वेंटी वन पायलट्स आहेत. पण या दुसऱ्यात माणसं दोनच. (हशा) आमचा मुद्दा हा आहे, की तरुणांच्या हातून गिटार सुटली नाही, बँड सुटला. आणि रॉकचा जीव गिटारपेक्षा बँडमध्ये जास्त होता.

बँड म्हटलं की आपल्यापुढे लग्नाची वरात उभी राहते, तेव्हा जरा सांगायला हवं. अमेरिकन रॉक बँड म्हणजे सोळा ते वीस वयाच्या तिघाचौघांची टोळी. त्यांना शिक्षक नाही, मालक नाही, बऱ्याचदा धड वाजवताही येत नाही. जाहिरात देऊन माणसं गोळा व्हायची. मेटॅलिका असाच जमला. १९८१ मध्ये लार्स उलरिकने लॉस एंजेलिसच्या एका छोट्या जाहिरातींच्या पत्रात जाहिरात दिली, तिला जेम्स हेटफील्डने उत्तर दिलं. मग ही पोरं भांडणार, ड्रमवाला उशिरा येणार, एकाला हळू हवं तर दुसऱ्याला जलद, आणि त्या ओढाताणीतून असा काही आवाज निघणार जो त्यांच्यातल्या एकट्याकडे नव्हता. रॉकच्या चांगल्या गाण्यात हे भांडण ऐकू येतं. ते नीट मिटलेलं नसतं, म्हणूनच ते गाणं जिवंत वाटतं.

या भांडणाला जागा लागते. रॉकचा इतिहास लिहिणारे प्रतिभेवर पानंच्या पानं खर्च करतात आणि जागेबद्दल दोन ओळी लिहितात, ही आमची जुनी तक्रार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं पसरली. स्वतंत्र घर, घराला गॅरेज, शेजारी चार हात लांब. तिथे ड्रम बडवता येतो. फ्लॅटमध्ये येत नाही, हे मुंबई-पुण्यातल्या श्रोत्यांना समजावून सांगायला नको. मग जुनी व्हॅन लागते, शाळा-नोकरी सांभाळून मोकळी संध्याकाळ लागते, आणि शंभर माणसांत वाईट वाजवू देणारा एखादा बार लागतो. न्यूयॉर्कचा सीबीजीबी १९७३ मध्ये सुरू झाला; रमोन्स, टॉकिंग हेड्स तिथे घडले. २००६ मध्ये भाड्याच्या वादात तो बंद पडला. आज... म्हणजे त्यानंतर दोनेक वर्षांत, त्या जागी उंची कपड्यांचं दुकान आलं. ज्या सिएटलने निर्वाणाला १९९१ मध्ये जगापुढे आणलं, ते पुढे मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं महागडं शहर झालं. तिथे स्वस्त घरात चौघांनी राहायचं आणि दिवसा हमाली करून रात्री वाजवायचं, हे गणित बसेनासं झालं. त्यात स्ट्रीमिंगचे पैसे आधीच चिल्लर, ते चार जणांत वाटायचे.

याच्या उलट एकट्याचं गणित बघा. २००४ मध्ये ॲपलने एक सॉफ्टवेअर आणलं, नाव ‘गॅरेजबँड’. गॅरेजही त्यात आलं आणि बँडही. स्टीव्ह लेसीने फोनमधल्या गॅरेजबँडवर काम केलं, आणि त्यातलं केंड्रिक लामारच्या २०१७ च्या अल्बमपर्यंत पोचलं. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिच्या भावाच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झाला; पुढच्या जानेवारीत तिने ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार घेतले, वय अठरा. याला आम्ही नाकं मुरडत नाही. ज्या मुलीला गॅरेजमधल्या पोरांनी कधी आत घेतलंच नसतं, तिला हे दार उघडं मिळालं. आणि हिप-हॉपला ही युक्ती पहिल्यापासून ठाऊक होती. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ब्राँक्समध्ये कूल हर्कने जी पार्टी वाजवली, ती एका निवासी इमारतीच्या सामायिक खोलीत, दोन टर्नटेबलांवर. गॅरेज नसलेल्या माणसांचं संगीत ते. पुढे साऱ्या तरुण अमेरिकेचंच गॅरेज गेलं, तेव्हा ते तयारच होतं.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही सगळं घरभाड्यावर ढकलताय. नाही. घरभाड्याने बँड मारला असेल, पण रॉकची दारं आतून कोणी बंद केली हाही प्रश्न आहे, आणि त्याबद्दल रॉकचे चाहते फारसं बोलत नाहीत.

रॉक अँड रोल जन्माला घातला तो बहुतांशी काळ्या कलावंतांनी. सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड. सत्तरीच्या दशकापर्यंत ते गोऱ्या पोरांचं संगीत समजलं जाऊ लागलं. मग १२ जुलै १९७९. शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये एका रॉक रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटकाने उडवली. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द झाला. डिस्को म्हणजे काळ्यांचं, लॅटिनोंचं, समलिंगींच्या क्लबांतलं संगीत. गंमत म्हणून केलं, असं म्हणतात. असेल. पण आपला कोण आणि परका कोण, हे त्या रात्री रॉकने मोठ्याने सांगितलं. १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झालं आणि पहिली दोन वर्षं काळे कलावंत तिथे जेमतेम दिसले. कारण काय, तर आमचं चॅनल रॉकचं आहे. १९८५ मध्ये गिटारवादक व्हर्नन रीड आणि त्याच्या साथीदारांना न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक रॉक कोअॅलिशन’ स्थापन करावं लागलं, काळी माणसंही रॉक वाजवतात हे कंपन्यांना पटवायला. ज्यांच्या आजोबांनी घर बांधलं त्यांनी दारात अर्ज घेऊन उभं राहायचं!

नव्वदच्या सुरुवातीला दार थोडं किलकिलं झालं होतं. १९९१ च्या पहिल्या लोलापलुझा दौऱ्यात जेन्स ॲडिक्शनच्या बरोबरीने आईस-टी होता. रेडिओवर होल होतं, १९९५ मध्ये अलानिस मॉरिसेट आली. आणि १९९६ मध्ये टेलिकम्युनिकेशन्स कायदा झाला. एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं बाळगायची याची मर्यादा गेली. क्लिअर चॅनलकडे चाळीसेक केंद्रं होती, ती काही वर्षांत बाराशेच्या वर गेली. कोणत्या गावात काय वाजायचं हे दूरच्या कचेरीत ठरायला लागलं, आणि कचेरीला जोखीम आवडत नाही. रॉक केंद्रांनी आपला श्रोता पक्का केला: तरुण, गोरा, पुरुष, चिडलेला. सारा मॅक्लॉकलनने १९९७ मध्ये केवळ बायकांचा ‘लिलिथ फेअर’ काढला, तो त्या वर्षीचा सगळ्यात जास्त कमाई करणारा फिरता महोत्सव ठरला. श्रोते होते, हे आकड्यात सिद्ध झालं. रॉक रेडिओने ते ऐकून सोडून दिलं. दोन वर्षांनी, जुलै १९९९ मध्ये, वुडस्टॉकच्या नावाने जुन्या हवाई तळावर जो मेळा भरला, तिथे मोठ्या मंचांवर बायका मोजून तीन, गर्दीत मुलींवर अत्याचार, आणि शेवटच्या रात्री आगी. त्यावर माहितीपट निघाले आहेत, त्यामुळे अधिक सांगत नाही. एवढंच म्हणू, की ती आग अचानक लागलेली नव्हती.

आता २०२० ची जनगणना समोर ठेवा. अमेरिकेत अठरा वर्षांखालच्या मुलांत बिगर-हिस्पॅनिक गोरी मुलं निम्म्याहून कमी आहेत. ज्या संगीताने तीस वर्षं खपून आपला श्रोता गोऱ्या मुलग्यांपुरता आक्रसून घेतला, ते या वर्गात बहुमत कुठून आणणार? आणि २०२३ मध्येसुद्धा ‘रोलिंग स्टोन’चे सहसंस्थापक जान वेनर यांनी रॉकच्या ‘मास्टर्स’वर पुस्तक काढलं, त्यात सात मुलाखती, सातही गोरे पुरुष. त्यावरच्या त्यांच्या खुलाशानंतर त्यांना रॉक हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळातून काढण्यात आलं.

या हॉल ऑफ फेमबद्दलही बोलायला हवं. एखाद्या बंडखोर संगीताचं क्लीव्हलंडमध्ये संग्रहालय होतं, तिथे शाळेच्या सहली येतात. मग सोळा वर्षांच्या मुलाने त्यातून बंड कसं करावं? त्यातून स्ट्रीमिंगने जुनं आणि नवं एकाच फळीवर, एकाच भावात ठेवलं. नव्या बँडची स्पर्धा शेजारच्या बँडशी राहिली नाही, ती फ्लीटवूड मॅकच्या १९७७ च्या ‘रुमर्स’शी आहे, जो अजून बिलबोर्डच्या यादीत दिसतो. निर्वाणाचे टी-शर्ट घालणारी मुलं आहेतच की. आपल्याकडेही हेच पोचलं. लोलापलुझा २०२३ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला आला, तेव्हा मुख्य नावांत द स्ट्रोक्स होते, ज्यांचा पहिला अल्बम २००१ चा. २०२५ ला आले ग्रीन डे, ज्यांचा ‘डूकी’ १९९४ चा. आमच्या ओळखीची कॉलेजची पोरं उड्या मारून आली, मजा आली म्हणाली. पण ती मजा आईबापांच्या वयाची होती.

टोळी करण्याची भूक मात्र गेलेली नाही. ब्रॉकहॅम्प्टन हा हिप-हॉप गट इंटरनेटवर कान्ये वेस्टच्या चाहत्यांत जमला, एका घरात एकत्र राहिला, स्वतःला बॉय बँड म्हणवत राहिला, आणि २०२२ मध्ये मोडला. भांडणासकट सगळं बँडसारखंच.

शेवटचं उदाहरण. २०२१ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाने द लिंडा लिंडाज या बँडचा व्हिडिओ टाकला. चार मुली, आशियाई आणि लॅटिनो घरांतल्या, वय दहा ते सोळा. वर्णद्वेषी पोराला उद्देशून त्यांनी असं काही गाणं म्हटलं, की ते लाखो लोकांनी पाहिलं. २०२२ मध्ये अल्बम आला, २०२४ मध्ये त्या ग्रीन डेच्या दौऱ्यावर होत्या. ही खरी रॉकची मुलं, आणि ती तीच आहेत ज्यांना रॉक रेडिओने कधी श्रोता म्हणून धरलं नाही. मात्र बँड कसा जमला तेही बघा: दोन बहिणी, नात्यातली एक बहीण, एक मैत्रीण. आणि बहिणींचे वडील ग्रॅमी मिळवलेले रेकॉर्डिंगचे तंत्रज्ञ. अल्बमही त्यांनीच केला. त्यांच्यासारख्याच रागावलेल्या मुली ह्यूस्टनमध्येही असतील, फ्रेस्नोमध्येही असतील. त्यांच्या घरात ड्रमला जागा नाही, म्हणून त्या प्रत्येकी आपापल्या फोनवर एकेकटं गाणं करत असतील, आणि त्यातलं एखादं चांगलंही असेल.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर आहे, तिकडे माईक द्या.