ॲबलोनचे खाद्य : शैवलाचे केवळ नाव पुरेसे नाही

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप किनाऱ्यावर हॅलिओटिस मायडी या ॲबलोनचे, म्हणजे एका उदरपाद मृदुकाय प्राण्याचे, संवर्धन होते. एक्लोनिया मॅक्झिमा या केल्पला उल्वा व ग्रॅसिलेरिया यांची जोड दिल्यास वाढ अधिक होते, हा तेथील प्रयोगांचा निष्कर्ष ग्राह्य होय. मात्र अशा प्रयोगांत शैवलाची जात सांगितली की खाद्य सांगून झाले, असे पुष्कळदा गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः संवर्धनाच्या टाक्यांतून बाहेर पडणाऱ्या नत्रयुक्त पाण्यात वाढविलेल्या उल्वात प्रथिने विपुल असतात. खडकावरून खुडून आणलेल्या उल्वात ती पुष्कळच कमी असू शकतात. नाव एक, खाद्ये दोन! नत्राचे प्रमाण न देता केलेली तुलना म्हणूनच लंगडी ठरते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. विक्रीयोग्य होण्यास चार-पाच वर्षे घेणाऱ्या या प्राण्याच्या खाद्याची परीक्षा बहुधा काही महिन्यांत, पिलांच्या कवचाची लांबी व वजन मोजून उरकली जाते. प्रौढ प्राण्यात त्याच अन्नाचा मोठा वाटा जननग्रंथीकडे वळतो. पिलांना मानवलेले खाद्य अंडी पक्व होण्यासही पुरेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही. चोरट्या शिकारीने निसर्गातील साठा खालावला असता बीजोत्पादनासाठी राखलेल्या प्राण्यांबाबत ही उपेक्षा परवडणारी नाही. तेथे अंड्यांची संख्या, फलनाचे प्रमाण आणि डिंभकांचे जगणे हीच मोजमापे घ्यावयास हवीत.