डोळ्यांनी मोजलेली आकुंचने

गर्भाशय फक्त प्रसूतीच्या वेळी आकुंचन पावते, हा समज बरोबर नाही. गर्भ नसतानाही त्याच्या आतल्या स्नायुथरातून मंद लाटा सरकत असतात. अंडमोचनाच्या सुमारास त्या वाढतात, नंतर शांत होतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्या दिसू शकतात. फ्रान्समधील रेनातो फांशँ व सहकाऱ्यांनी १९९८ साली असे दाखवले, की कृत्रिम गर्भधारणेत भ्रूण गर्भाशयात सोडताना आकुंचने जितकी जास्त, तितके गर्भ राहण्याचे प्रमाण कमी.

मात्र त्यांनी पाच मिनिटांचे चित्रण संगणकाच्या मदतीने तपासले होते. नुसत्या नजरेने पडद्याकडे पाहून केलेल्या मोजणीला तोच निष्कर्ष लावणे आम्हांला घाईचे वाटते. मिनिटाला तीन लाटा म्हणजे वीस सेकंदांना एक. इतकी संथ हालचाल डोळ्याला नीट जाणवत नाही. म्हणून चित्रण वेग वाढवून पाहतात. शिवाय श्वास, आतड्यांची हालचाल आणि तपासणाऱ्याचा हात यांनीही चित्र हलते.

‘दोन तज्ज्ञांचे ७६ टक्के वेळा एकमत झाले,’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवावा का? समजा, १०० चित्रणे आहेत आणि दोघेही त्यांपैकी ८० वेळा ‘आकुंचन आहे’ म्हणतात. चित्रण न पाहता, केवळ याच प्रमाणात उत्तरे दिली तरी ६४ वेळा ‘आहे’वर आणि ४ वेळा ‘नाही’वर, असे सरासरी ६८ वेळा एकमत होईलच. योगायोगापलीकडे मिळवण्याजोगे गुण उरले ३२. त्यांतले मिळाले ८. म्हणजे खरे एकमत फक्त ०.२५! जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कापा’ गुणांक तो हाच.

कापा चांगला आला तरी दोघे मिळून चुकत नसतील, याची खात्री नाहीच. त्यासाठी वेगळ्या पद्धतीने केलेल्या मोजणीशी तुलना हवी. निरीक्षकांना एकमेकांची उत्तरे आणि रुग्णाची माहिती कळता कामा नये. तीच चित्रणे क्रम बदलून काही आठवड्यांनी पुन्हा दाखवायला हवीत.

हा काथ्याकूट नव्हे. या मोजणीवरून एखाद्या स्त्रीचे भ्रूणरोपण पुढे ढकलायचे किंवा तिला औषध द्यायचे ठरले, तर चुकीची किंमत तिलाच मोजावी लागते.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा: वीस उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासून ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ ठरवावे आणि कापा काढावा.