जुन्या भिंगांची मोहिनी

लायकाचे 1954 सालचे भिंग त्याच कंपनीच्या आजच्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यास तसेच बसते. त्याहून जुनी, लेपविरहित भिंगे मध्ये कडे घालून चढवितात. अशा चित्रांत ‘जुना काळ अवतरतो’ ही रसिकांची प्रशंसा आम्हांस मान्य नाही. बडोद्याच्या तांबेकर वाड्यातील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रेच घ्या. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शंभरातील सुमारे 4 भाग प्रकाश परततो आणि भिंगातच घुटमळून सावल्या धूसर करतो. रुंद दृष्टीच्या भिंगातून येणारे तिरपे किरण फिल्म सोशीत असे. डिजिटल संवेदकावर कडांना कित्येकदा जांभळट छटा चढते. ह्या काचेच्या दोषाला वाड्याचे वय समजणे म्हणजे चष्म्यावरील वाफेस धुके म्हणणे होय! चित्रकाराचा मूळ रंग त्यात हरवतो, आणि भिंतीवरचा रंग उडाल्यावर पुढच्यांस छायाचित्रच उरणार. गाभाऱ्यातील समईच्या उजेडात एखाद्या वृद्धेचा चेहरा टिपावयाचा असेल, तर हेच भिंग आम्ही आनंदाने लावू; ज्योतीभोवतीचे वलय तेथे शोभते. होमाई व्यारावाला 2012 साली बडोद्यातच निवर्तल्या. त्यांच्या छायाचित्रांतील नेहरू किती लख्ख दिसतात! त्यांच्या हाती ती भिंगे नवीच होती.