जीवशास्त्र प्रयोगशाळेतील सुरक्षा आणि विलगीकरण तंत्रे : प्रात्यक्षिक पुस्तिकांची चिकित्सा

प्रस्तावना :
जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक पुस्तिकेची सुरुवात बहुधा 'प्रयोगशाळेतील नियम' या पानाने होते. एप्रन घालावा, तोंडाने पिपेट ओढू नये, प्रयोगशाळेत काही खाऊ नये, हे नियम योग्यच आहेत. तथापि पुढे प्रत्यक्ष प्रयोगाच्या कृतीत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. विलगीकरण तंत्रांच्या बाबतीत ही विभागणी सदोष ठरते. कारण या प्रयोगांत ज्या चुकीने अपघात संभवतो, तीच चूक बहुधा निष्कर्षही बिघडविते. प्रस्तुत लेखात दोन नेहमीच्या प्रयोगांच्या आधारे हा दोष तपासला आहे.

पर्णरंजकांची क्रोमॅटोग्राफी :
रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे तंत्र पानांतील रंगद्रव्यांसाठीच विकसित केले. महाविद्यालयांत त्यासाठी पेट्रोलियम ईथर व अ‍ॅसिटोन यांचे मिश्रण वापरतात. दोन्ही द्रावके अत्यंत ज्वालाग्राही आहेत. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती टेबलावरून पसरत दूरच्या बर्नरपर्यंत पोहोचू शकते. 'बरणीचे झाकण लावावे' एवढेच पुस्तिकेत असते, कारण मात्र नसते. वास्तविक झाकणामुळे बरणी वाफेने संपृक्त राहते, द्रावक कागदावर समान वेगाने चढते आणि वाफही बाहेर पसरत नाही. हे कारण ठाऊक असलेला विद्यार्थी झाकण उघडे ठेवणार नाही, शेजारचा बर्नरही आधी बंद करील.

सेंट्रिफ्यूजचा वापर :
'३००० फेऱ्यांवर १० मिनिटे फिरवावे' ही सूचना अनेक पुस्तिकांत आढळते. ती अपुरी आहे. प्रत्यक्ष बल फेऱ्यांबरोबर रोटरच्या त्रिज्येवरही अवलंबून असते. त्रिज्या १० सेंमी असल्यास ३००० फेऱ्यांना गुरुत्वाच्या सुमारे १००० पट बल मिळते. १५ सेंमी असल्यास ते सुमारे १५०० पट होते. म्हणजे एकच सूचना पाळूनही दोन महाविद्यालयांत दोन वेगळे प्रयोग होतात.

नळ्यांच्या समतोलाबाबतही तसेच. समोरासमोरच्या नळ्यांतील द्रवाची उंची सारखी असावी, असे सांगितले जाते. परंतु साखरेचे द्रावण व पाणी समान उंचीला समान वजनाचे नसतात. नळ्या तराजूवर तोलूनच ठेवल्या पाहिजेत. असमतोलाने यंत्र हादरते, तळाशी बसलेला साका पुन्हा मिसळतो व नळी फुटू शकते. रक्ताची नळी फुटल्यास यंत्र बंद करून झाकण सुमारे ३० मिनिटे उघडू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या जैवसुरक्षा पुस्तिकेत सांगितले आहे. कारण सूक्ष्म तुषार खाली बसण्यास वेळ लागतो. कम्युनिटी कॉलेजमधून पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत नोकरीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही माहिती पहिल्याच दिवशी लागते.

इंदूरचा एक आदर्श :
कृतीबरोबर कारण देण्याचा उत्तम नमुना इंदूरमध्येच घडला. येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. विषय वेगळा असला तरी मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. ढीग ठरावीक मुदतीने का उलटावा, ओलावा किती असावा, हवा का खेळती राहावी, याचा खुलासा कृतीसोबतच येतो. त्यामुळे साधने वेगळी असली तरी वाचक ती पद्धत योग्य रीतीने वापरू शकतो.

समारोप :
पुस्तिकांची सोपी भाषा, सुबक आकृत्या व क्रमवार कृती हे गुण मान्य करावेच लागतात. परंतु घरी विज्ञानाचे मार्गदर्शन नसलेला विद्यार्थी छापील पानावरच विसंबतो. शिक्षकाने तोंडी दिलेली सूचना गर्दीच्या बॅचमध्ये मागच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगात कृती, कारण व खबरदारी एकत्र छापावी; सेंट्रिफ्यूजसाठी फेऱ्यांऐवजी बल नमूद करावे; आणि प्रात्यक्षिक परीक्षेत निष्कर्षाबरोबर नळ्या तोलणे, बर्नर बंद करणे यांनाही गुण ठेवावेत. नवी पुस्तिका येईपर्यंत शिक्षकांनी ही खबरदारी हस्तलिखित स्वरूपात प्रत्येक टेबलावर लावणे शक्य आहे.