गणपतीचे डोळे आणि भावाची मात्रा

पेणच्या गणेशमूर्तींवर दरवर्षी भरपूर लिहिलं जातं, पण त्यातलं बहुतेक माती, किंमत आणि विसर्जन यांच्याभोवती फिरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तिविसर्जनाबाबतची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आली, २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपीच्या) मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, आणि ‘शाडू की पीओपी’ या वादात मूर्तीचा चेहरा बाजूलाच राहिला. चेहऱ्यापाशी आलो की आपली समीक्षा ‘प्रसन्न’ या एका विशेषणावर थांबते. प्रसन्न म्हणजे किती प्रसन्न? कुठली रेघ किती उचलली की चेहरा प्रसन्न होतो, आणि आणखी केसभर उचलली की तो नाटकी का वाटू लागतो?

हे प्रश्न संगणकावर चेहरे घडवणाऱ्यांनी फार पूर्वी अंगावर घेतले. त्याचा पाया मानसशास्त्रात आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीजन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची वर्गवारी केली. पुढे प्रत्येक हालचालीला ‘ए’ ते ‘ई’ अशा तीव्रतेच्या पाच पायऱ्या रूढ झाल्या. आजच्या थ्रीडी मॉडेलमध्ये आधी निर्विकार चेहरा घडवतात, मग त्याच चेहऱ्याची हसरी, रागीट, डोळे मिटलेली रूपं. निर्विकार ते पूर्ण हसू हे अंतर शून्य ते एक या पट्टीवर मांडलं जातं आणि कलाकार स्लायडर सरकवून मात्रा ठरवतो. ॲपलच्या फोनमध्ये चेहरा टिपायला अशा ५२ पट्ट्या आहेत. ओठांचे कोपरे ०.३ वर असले की माणूस ओळखीचं हसतो. तेच १ वर नेले आणि डोळ्यांभोवतीचा स्नायू शून्यावर राहिला, तर दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलावणारं हसू तयार होतं. भाव एका पट्टीत नसतो, पट्ट्यांच्या आपसातल्या प्रमाणात असतो.

गणपतीच्या चेहऱ्याला हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही, आणि पेणच्या कलेचं वेगळेपण तिथेच आहे. माणसाच्या हसण्याचा मोठा भार ओठांवर असतो. गणपतीचं तोंड सोंडेआड. गाल हत्तीचे, कपाळ हत्तीचं. भाव दाखवायला उरतात डोळे, पापण्या, भुवया आणि फार तर सोंडेच्या मुळाशी पडणारी एखादी वळी. ‘बाल गणेश’सारख्या २००७ च्या ॲनिमेशनपटात गणपतीला संवाद असतात, म्हणून तोंड हलवावंच लागतं. मूर्तिकाराला ती सोय नाही. सगळी मात्रा त्याला डोळ्यांतच जुळवावी लागते.

म्हणून पेणच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीला सगळ्यांत जास्त मान. साच्यातून मूर्ती काढणारे, घासणारे, रंगाचा स्प्रे मारणारे हात वेगळे आणि डोळे आखणारा हात वेगळा. आधी बुबुळाभोवतीचा पांढरा भाग, कोपऱ्यांत किंचित लालसर छटा, मग वरच्या पापणीची गडद रेघ, तपकिरी बुबुळ, त्यात काळी बाहुली आणि शेवटी पांढरा ठिपका. वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकते तेव्हा नजर निवते. बुबुळ चारही बाजूंनी पांढऱ्यात मोकळं सोडलं, तर तेच डोळे दचकलेले किंवा रागावलेले दिसतात. मूर्ती पाटावर बसते आणि भक्त समोर उभा असतो. तेव्हा बुबुळ किती वर धरायचं, हे मूर्तीच्या उंचीवर ठरतं. हा सगळा फरक दोरा मावेल एवढ्या जागेतला. संगणकावर चुकलं तर स्लायडर मागे घेता येतो. इथे रंग पुसून पुन्हा चढवला की डोळ्यावर थर दिसतो.

पेणजवळच्या हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांनी या कलेचं अर्थकारण बदललं. तिथून मोठ्या संख्येने कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, मूर्ती बाहेर जातात आणि रंगकाम ज्या त्या गावी होतं. एकाच साच्यातली एक मूर्ती पेणला रंगली आणि दुसरी रोह्याला, तर शरीर एक आणि स्वभाव दोन अशी गत होऊ शकते. आकार साच्याचा, भाव आखणाऱ्याचा. साच्यालाही वय असतं. मूर्तीमागून मूर्ती काढून रबरी साचा बोथट होतो आणि सगळ्यांत आधी पापण्यांची धार जाते. हंगामाच्या शेवटी निघालेल्या मूर्तीत ती धार रंगाने भरून काढावी लागते. सुस्त दिसणाऱ्या अनेक गणपतींच्या सुस्तीचं मूळ या झिजेत सापडतं.

आता मूर्तीचं मूळ मॉडेल संगणकावर कोरून, थ्रीडी छपाई करून त्यावरून साचा काढण्याची पद्धत या धंद्यात शिरली आहे. दागिन्यांची नक्षी, शेल्याच्या चुण्या यांत तिने आणलेली सफाई निर्विवाद आहे. चेहऱ्याबाबत मात्र माझा आक्षेप आहे. अर्धा चेहरा घडवून उरलेला आरशासारखा उलटवण्याची सवय या कामात सर्रास दिसते, आणि तंतोतंत सारखे दोन डोळे निर्जीव दिसतात. चेहरा यंत्रावर सोपवण्याची मर्यादा पडद्यावरही दिसते. ‘कोचडैयान’ (२०१४) या ॲनिमेशनपटात साक्षात रजनीकांतचा अभिनय टिपूनही पडद्यावरचा चेहरा फिका पडला. उलट ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतल्या ‘द टू टॉवर्स’ (२००२) या चित्रपटातल्या गॉलम या पात्रासाठी अँडी सर्किसचा अभिनय समोर ठेवून ॲनिमेटरांनी चेहऱ्याचे भाव हाताने जुळवले, आणि तो चेहरा आजही जुना वाटत नाही. यंत्र हालचाल टिपतं, मात्रा डोळस माणूसच ठरवतो.

मूर्तीच्या बाबतीत ही मात्रा कमीच हवी, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावरच्या पात्राच्या हाताशी वेळ असतो. हसू उमलतं, टिकतं, मावळतं. मूर्तीला एकच चेहरा मिळतो आणि तो दीड दिवस किंवा दहा दिवस पुरवावा लागतो. आगमनाच्या गुलालात, रोजच्या आरतीत आणि विसर्जनाच्या वाटेवर तोच. पूर्ण ताणलेलं हसू पहिल्या दिवशी गोड वाटतं आणि निरोपाच्या वेळी खटकतं. मंद मात्रेचा चेहरा समईच्या उजेडात एक दिसतो, सकाळच्या उन्हात दुसरा, आणि पाहणारा आपल्या मनातलं त्यात भरतो.

बाजार नेमका उलट दिशेला ओढतो आहे. लांब पापण्या, चकचकीत बुबुळं, चित्रपटातल्या बालनटासारखे टपोरे डोळे. मोबाइलच्या फोटोत ते चटकन उठून दिसतात, म्हणून मागणीही त्यांनाच. त्यात आखणीचं काम पावसाळ्याच्या दमट हवेत, रंग वाळत नसताना, ऑर्डरच्या घाईत उरकावं लागतं. रेघेचा विचार करायला सवड मिळते कुणाला? दोष एकट्या कारागिराचा नाही.

करण्यासारखं बरंच आहे. जुन्या कारखान्यांतल्या साच्यांचं आणि जाणत्या आखणीकारांनी रंगवलेल्या चेहऱ्यांचं स्कॅनिंग करून ठेवलं, तर नव्या हाताला अभ्यासायला नमुने मिळतील. एकाच डोळ्याच्या पापणीच्या चार पातळ्या शेजारीशेजारी मांडल्या की मात्रा म्हणजे काय ते शिकाऊ पोराला एका दुपारी कळेल. संगणकाचा खरा उपयोग इथे आहे. मूर्तीखाली कारखान्याच्या नावासोबत आखणाऱ्याचं नावही छापलं पाहिजे. मूर्ती पसंत करताना आपण माती कुठली आणि भाव कमी किती करणार, हे विचारतो. आखणी कुणाची, हेही विचारू लागलो तर त्या हाताला चार पैसे जास्त द्यावे लागतील, आणि ते द्यायलाच हवेत.