ग्रबलचे गद्य

हौशी मंडळींची छोटी सीएनसी यंत्रे चालवणारा ग्रबल 2009 साली जन्मला. मुक्काम आर्डुइनो युनोवर, 32 किलोबाइटांत. चाळीतली खोली म्हणजे त्यापुढे वाडाच की हो!

एवढ्या जागेत शब्दांची चैन कुठली? पूर्वी तो चूक निदान शब्दांत सांगे. 1.1 आवृत्तीपासून नुसता आकडा: ‘एरर 20’. म्हणजे, हुकूम कळला नाही. अहो, चेक परत करताना आम्हीसुद्धा कारण लिहितो!

म्हणून लोक पडदा जोडायला जातात. पण युनोला सीरियलची वाट एकच, 0 आणि 1 नंबरच्या पिना; तिथे यूएसबीची चिप आधीच ठाण मांडून. त्यात दुसरा अडॅप्टर खुपसला की दोघे एकदम बोलतात, आणि यंत्राला तिसरेच ऐकू येते. ‘एक्स 100’ मधले एक शून्य गळले तर? खातेवहीतले शून्य दुरुस्त होते, कोरलेले सागवान नाही.

बरे, नुसता ऐकणारा पडदा लावावा, तर हे गृहस्थ प्रश्नचिन्ह पाठवल्याशिवाय आपला ठावठिकाणा सांगत नाहीत. संगणकाने विचारले तर पडद्याला कळणार. एरवी आपले ‘ओके’, ‘ओके’.