दाखवण्याचा कार्यक्रम

एक मोठी, जुनाट, जवळजवळ रिकामी खोली. भिंतीला लावून मांडलेली खुर्च्यांची रांग, आणि तीवर बसलेल्या चकचकीत साटीनचे झगे घातलेल्या बायका व काळ्या सुटांतले पुरुष. त्यांतली एक बाई उठते, उंच टाचांचे बूट वाजवीत सरळ आपल्यासमोर येऊन उभी राहते. बोलत काहीच नाही. वळून पाठ दाखवते, मग बाजू. केस मागे ओढून कपाळ दाखवते. ओठ फाकवून दात दाखवते. हाताचे पंजे पुढे धरते, सुलटे आणि उलटे. पाऊल पुढे करते. आणि मुकाट्याने जागेवर जाऊन बसते. मग दुसरी येते, तिसरी येते. मग पुरुष येतात आणि तेही अगदी हेच सारे करतात.

हा ‘कोन्टाक्टहोफ’चा आरंभ. जर्मनीतल्या वुपर्टाल या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरी, ९ डिसेंबर १९७८ रोजी, ही कृती प्रथम रंगभूमीवर आली. बसवणाऱ्या बाई पिना बाउश. त्यांचा जन्म १९४०चा. आईवडिलांची लहानशी खानावळ होती. खानावळीच्या मेजाखाली बसून मोठ्या माणसांच्या गमती न्याहाळीत वाढलेली ही मुलगी १९७३ साली वुपर्टालच्या नृत्यपथकाची प्रमुख झाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या प्रेक्षकांनी तिचे प्रयोग चालू असता दारे आपटून निघून जाण्याचाही पराक्रम केला. नाच म्हणून तिकीट काढले आणि समोर दात दाखवणारी बाई, तेव्हा त्यांचाही फारसा दोष नाही.

नावाचा अर्थ सांगायला हवा. दिवाळीच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो टाळला तर सगळाच विषय टळतो. शब्दशः हे ‘संपर्काचे अंगण’. प्रत्यक्षात, जिथे शरीराचा सौदा ठरतो अशा वस्तीतले गिऱ्हाइकांनी यावे आणि पारखून घ्यावे असे ते अंगण. बाईंनी मात्र ते नाव दिले आहे एका सभ्य नाचघराला, जिथे चारचौघांतली अविवाहित माणसे जोडीदार शोधायला येतात.

याला काय म्हणावे, हा प्रश्न समीक्षकांना पडतो. नाटक म्हणावे तर गोष्ट नाही. नाच म्हणावा तर आपण ज्याला नाच म्हणतो तो थोडाच. ग्रामोफोनवरच्या जुन्या जर्मन टँगोंच्या तालावर माणसे चालतात, मिरवतात, कंबर सावरतात, घसरलेला पट्टा खांद्यावर चढवतात, आणि हाच त्यांचा नाच. जवळजवळ तीन तास हे चालते. मी ते प्रत्यक्ष रंगभूमीवर पाहिलेले नाही, हे आधीच कबूल करतो. मॅट्रिकपुढे न शिकलेल्या शाळामास्तराला वुपर्टाल कुठले? व्हिम व्हेंडर्स यांच्या ‘पिना’ या २०११ सालच्या चित्रपटात त्यातले तुकडे पाहिले, नंतर ज्येष्ठांच्या प्रयोगाचे चित्रण पाहिले, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

यातला विनोद कसा, तो पाहा. एक बाई प्रेक्षकांपाशी येऊन सुट्टी नाणी मागते. कशाला? तर कोपऱ्यात लहान मुलांचा, नाणे टाकले की हलणारा घोडा आहे, त्यावर बसायला. नाणे मिळते; बाई गंभीर चेहऱ्याने घोड्यावर डुलते; नाणे संपले की उतरते. दुसरीकडे एक पुरुष आणि एक बाई खोलीच्या दोन टोकांना बसून, एकमेकांकडे लाजून हसत, एकेक कपडा उतरवू लागतात. मध्ये सारे अंतर तसेच. दोघे शाळेतल्या पोरांसारखे अवघडलेले. यात चावटपणा शोधणाऱ्याची निराशा होईल. मला तर सबंध कृतीत याहून सोवळे दृश्य दिसले नाही. मध्येच दिवे मंदावतात आणि बदकांवरचा एक माहितीपट लागतो! इतका वेळ नटूनथटून एकमेकांना टोचणारी ही मंडळी आपल्याकडे पाठ करून निमूट बदके पाहत बसतात. याचा अर्थ काय, असे मला विचारू नका. पण वर्गातल्या दांडगट पोरांना चित्रे दाखवली की ती जशी एकाएकी निरागस होतात, तशी ही माणसे मला तिथे झाली.

टोचणे मात्र पुष्कळ आहे. खुर्च्यांवर बसलेले पुरुष खुर्च्यांसकट पुढे सरकत येतात, हात हवेत काहीतरी चाचपडत असतात, आणि समोर भिंतीशी बायका अंग चोरून उभ्या. मग जोडीजोडीने छोटे छळ: चिमटा, बोट पिरगळणे, बसणाऱ्याची खुर्ची ओढणे. हा भाग मला लांबलेला वाटतो. चिमटा दोनदा पुरे. दहाव्यांदा तो प्रेक्षकाला बसतो. बाईंच्या भक्तांना ही पुनरावृत्तीच थोर वाटते. असो.

माझे घोडे अडले ते पहिल्याच प्रवेशापाशी. वीस वर्षांपूर्वी मी मामांबरोबर मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे झाले. मामांनी मुलीला चालून दाखवायला सांगितले. मग वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला सांगितल्या, म्हणजे नजर आणि वाचा दोन्ही कळतात. मग मामी उठली आणि केस खरेच एवढे लांब आहेत का, हे पाहायला तिने मुलीचा आंबाडा सोडवला. मी, पुढे कादंबऱ्यांतून स्त्रीच्या दुःखावर पानेच्या पाने लिहिणारा, तोंडातून अक्षर काढले नाही. ती मुलगी आज माझी पत्नी आहे, आणि व्हेंडर्सचा चित्रपट आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला.

बायका दात दाखवू लागल्या तेव्हा मी हसलो. ती हसली नाही. पुरुषांची पाळी आली, सुटाबुटातल्या बाप्यांनी ओठ फाकवले, तेव्हा मात्र ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. नंतर म्हणाली, “अहो, त्या दिवशी मामींनी केस सोडले, तेव्हा तुम्ही कुठं बघत होता?”

“पोह्यांच्या बशीकडे.”

“तेच. मला वाटलंच होतं.”

या कृतीची खरी गंमत मला त्या संध्याकाळी कळली. सारे प्रेक्षागृह एका ठिकाणी हसावे, असा सामान्य प्रहसनाचा हिशेब असतो. इथे कोण कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो, यावरून तो माणूस त्या अंगणात कोणत्या बाजूला उभा होता ते ओळखता येते. ‘स्त्री-पुरुषांतले युद्ध’ असा शिक्का अनेकांनी या कृतीवर मारला आहे. मला तो तोकडा वाटतो. युद्धात दोन्ही बाजूंना काहीतरी जिंकायचे असते. या खोलीतल्या माणसांना फक्त कोणीतरी आपल्याला जवळ करावे एवढेच हवे आहे, आणि ते कसे मागावे हे कोणालाच शिकवलेले नाही.

शेवटाशेवटाला एक प्रवेश आहे. एक बाई एकटी उभी असते. एक पुरुष येऊन तिच्या केसांवरून हात फिरवतो. दुसरा नाकाला हळूच बोट लावतो. कोणी पोटावर हात ठेवतो, कोणी हात हातात घेतो. सारे मायेचे स्पर्श. पण पुरुष वाढत जातात, स्पर्श थांबत नाहीत. ती काही बोलत नाही आणि तिला कोणी विचारतही नाही. त्यातला एकही हात वेगळा काढून ‘हा दुष्ट’ असे म्हणता येत नाही. तिथे हसणाऱ्याचे हसू जागच्या जागी विरते. आमच्या त्या दुपारीसुद्धा वाईट माणूस कोणीच नव्हता. मामी तर फार प्रेमळ होती.

बाईंनी हीच कृती २००० साली वुपर्टालच्या पासष्टीपुढल्या साध्या नागरिकांकडून करवून घेतली, आणि २००८ साली चौदा वर्षांपुढल्या मुलामुलींकडून. पुढच्याच वर्षी, ३० जून २००९ रोजी, त्या वारल्या. माझे मत विचाराल तर ज्येष्ठांचा प्रयोग सर्वांत सरस. कसलेल्या नर्तकीने चिमटा काढला की तो अभिनय वाटतो. सत्तरीच्या आजीबाईने काढला की चाळीस वर्षांच्या संसाराची सवय वाटते. आणि त्या वयात झगा नेसून, दात दाखवीत, ‘मी अजून आहे’ म्हणून पुढे येणे! हसू येते, पण ते आदराने येते.

मुलांच्या तालमींवर आने लिन्झेल आणि रायनर होफमान यांनी केलेला चित्रपट २०१० साली आला. तो मी मास्तराच्या नजरेने पाहिला. दुसऱ्याच्या गालाला हात लावायचा म्हटले की पोरे फिदीफिदी हसतात, मागे सरतात. जोसेफिन अॅन एंडिकॉट आणि बेनेडिक्ट बिये या पथकातल्या जुन्या नर्तिका त्यांना शिकवतात. रागावणे थोडे, स्वतः करून दाखवणे फार. महिन्यामागून महिने जातात आणि ती पोरे एकमेकांच्या डोळ्यांत पाहू लागतात. माझ्या वर्गातली मुलेही त्याच वयाची. थोड्याच वर्षांत त्यांच्या हातात तो फोन असेल, ज्यावर चेहरे येतात आणि अंगठ्याच्या एका फटक्याने डावीउजवीकडे जातात. पुढून, बाजूने, दात दाखवून हसताना. तिथे मामा-मामी नाहीत, हे खरे, पोहेही नाहीत.

२०२४ साली मेरिल टँकार्ड या पहिल्या संचातल्या नर्तिकेने त्या संचातले हयात सोबती गोळा करून ही कृती पुन्हा उभी केली. मागे १९७८चे चित्रण, पुढे तीच माणसे, आता म्हातारी. आणि जे वारले त्यांच्या जागा मोकळ्या. तो प्रयोग मी पाहिलेला नाही. पत्नीला त्याविषयी सांगितले, तेव्हा ती डाळ निवडीत होती. म्हणाली, “मग जोडीदार नाही, तिथं त्या हात कुणाच्या खांद्यावर ठेवतात?”

मी म्हटले, हवेतच.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने सूप बाजूला ठेवून तिने मला खिडकी लावायला सांगितली. बाहेर पोरे फटाके उडवीत होती.